इंजिन बंद पडल्यावरची तीन मिनिटं

२५ जुलै २०२२ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास, बारामतीहून उडालेलं एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात आदळलं. कार्व्हर एव्हिएशनचं सेसना १५२. आत २२ वर्षांची प्रशिक्षणार्थी, एकटीच. विमान मोडलं, तिला किरकोळ दुखापत झाली, गावकरी धावून गेले. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये याच तालुक्यात रुईजवळ असंच एक शिकाऊ विमान खाली आलं होतं. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये तर चार दिवसांत दोनदा, एकदा कटफळजवळ आणि एकदा गोजुबावीजवळ, दुसऱ्या एका प्रशिक्षण संस्थेची विमानं कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. या चारही घटनांत कुणाचा जीव गेला नाही.

चार वेळा विमान रानात पडतं आणि चारही वेळा माणसं जिवंत बाहेर येतात, हे केवळ नशिबावर ढकलण्यासारखं नाही. त्यात विमानाच्या बनावटीचा वाटा आहे, कमी वेगाचा आहे आणि वैमानिकाच्या हाताला लागलेल्या सवयींचाही आहे.

बारामती विमानतळ म्हटलं की लोकांना पुढाऱ्यांची जेट विमानं आठवतात. ती जात वेगळी, त्यांचे धोकेही वेगळे. इथे बोलायचं आहे ते एका इंजिनाच्या, दोन-चार आसनांच्या विमानांबद्दल. एमआयडीसीने १९९० च्या दशकात बांधलेली, साधारण पावणेदोन किलोमीटर लांबीची ही धावपट्टी अशा विमानांसाठी ऐसपैस आहे. तिच्या एका टोकावर ११ आणि दुसऱ्यावर २९ असे आकडे आहेत. होकायंत्रावरच्या ११० आणि २९० अंशांतलं शेवटचं शून्य गाळलं की हे आकडे मिळतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास उड्डाण लागतं आणि त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. म्हणजे बारामती-इंदापूरच्या आकाशात जे छोटं विमान घरघरत जाताना दिसतं, त्यात पुष्कळदा विशी-बाविशीतलं एकटंच कुणीतरी बसलेलं असतं, शेजारची खुर्ची रिकामी.

इंजिन बंद पडलं की विमान सरळ खाली पडतं, हा समज सिनेमांनी पक्का केला आहे. इंजिन विमानाला पुढे ओढतं. उचलून धरतो तो पंखांवरून वाहणारा वारा. ओढ गेली तरी नाक थोडं खाली केलं की विमान उंची खर्चून वेग मिळवत राहतं, उतारावर पायडल न मारता सायकल चालते तसं. सेसना १५२ च्या पुस्तिकेत या अवस्थेसाठी ६० नॉट, म्हणजे ताशी साधारण १११ किलोमीटर वेग सांगितला आहे. तो धरला तर विमान एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे जातं. जमिनीपासून दोन हजार फुटांवर इंजिन गेलं तर वारा नसताना साडेपाच किलोमीटर अंतर कापता येतं आणि हातात तीन मिनिटं उरतात.

वेग ६० पेक्षा वाढवला तरी पल्ला घटतो आणि कमी केला तरी घटतो. हे मनाला पटत नाही. जमीन वर येताना दिसली की हात आपोआप दांडी मागे ओढतो, नाक वर जातं, वेग मरतो. पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला की पंखावरचा प्रवाह फाटतो आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इंजिन जाण्यापेक्षा हा स्टॉल जास्त घातक, कारण विमान ताब्यात असताना शेतात उतरणं आणि ताबा सुटून शेतात पडणं यांत जगण्या-मरण्याचं अंतर आहे. म्हणून शिकवणारे पहिल्यापासून एकच घोकून घेतात: आधी विमान उडव, मग दिशा बघ, मग रेडिओवर बोल. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथल्या ग्लायडरला इंजिनच नसतं, त्यामुळे प्रत्येक उतरणं एकदाच, दुसरी संधी नाही. माझं मत विचाराल तर प्रत्येक शिकाऊ वैमानिकाने आठवडाभर तरी तिथे काढावा.

आता त्या तीन मिनिटांत बघायचं काय? पहिला वारा. विमान ४५ नॉटने टेकणार असेल आणि समोरून १५ नॉटचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो ३०. तोच वारा पाठीवर घेतला तर ६०. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. एकाच शेतात, एकाच विमानाने, फक्त दिशा चुकल्यामुळे चौपट. जुलैत या पठारावर पश्चिमेचा वारा दिवसभर वाहतो, तेव्हा तोंड पश्चिमेकडे करायचं हे उड्डाणाआधीच ठरलेलं असावं. इतर महिन्यांत खुणा शोधाव्या लागतात. गाळप हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांची धुराडी वाऱ्याची दिशा लांबून सांगतात. (साखर आणि विमान यांचं नातं इंदापूर तालुक्यात जुनं आहे. वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना उभा केला.) धूर नसेल तर शेततळं बघायचं. ज्या काठालगत पाणी निवांत आणि काचेसारखं दिसतं, वारा त्या बाजूने येतो. पलीकडच्या काठाकडे लहरी वाढत जातात.

दुसरी गोष्ट जमीन. बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे वरून सरळ दोन रंग दिसतात. नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणीचा पट्टा हिरवागार, उसाचा. त्याच्या वरच्या अंगाला जिरायती माळ, पिवळा-तपकिरी. घाबरलेल्या डोळ्याला हिरवी गादी जवळची वाटते. पण उभा ऊस दोन पुरुष उंच असतो. त्याच्या शेंड्यांवर विमान टेकलं तरी ते शेंडे वजन पेलणार नाहीत, आणि खाली सरी-वरंबा आहे की पाट आहे की विहीर, काही दिसत नाही. द्राक्षबागेचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा, तिकडे बघायचंही नाही. डाळिंबाच्या ओळींत निदान तारा नसतात. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल पुढच्या चाकाला धरतो आणि विमान कोलांटी खातं. उन्हाळ्यात तेच रान ढेकळांचं, पण चालण्यासारखं. त्या मानाने काढणी झालेलं ज्वारीचं रान उत्तम, आणि मुरमाड माळ त्याहून बरा, फक्त तिथे बांध, ओघळी आणि मेंढरं बघायची. कडबनवाडीचा परिसर तर गवताळ माळांसाठीच ओळखला जातो. चिंकारा आणि लांडगे बघायला लोक तिथे मुद्दाम जातात.

सगळ्यांत मोठा शत्रू मात्र तार. शेतीपंपांची वीज वाहणारी ११ केव्हीची लाइन वरून दिसत नाही, दिसतात ते खांब. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहे असंच धरायचं, आणि खांबांची रांग जिकडे जाते तिकडे शेत निवडायचं नाही. रस्त्याचा मोह याच कारणाने टाळावा. पालखी मार्ग आता रुंद झाला आहे, वरून धावपट्टीसारखा भासतो. पण त्याला दुभाजक आहे, दिव्याचे खांब आहेत, उसाच्या ट्रॉल्या आहेत, आणि त्यांतल्या कुणालाही वरून विमान येतंय याची कल्पना नाही.

शेत छोटं आहे म्हणून घाबरणाऱ्यांसाठी एक हिशेब सांगतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकातही तो आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाललेलं विमान थांबायला जेमतेम तीन मीटर मिळाले आणि ते थांबणं एकसारखं झालं, तर माणसावर गुरुत्वाच्या नऊपट जोर येतो. खांद्यावरून पट्टा नीट आवळला असेल तर निरोगी माणूस तो सोसू शकतो. वेग दुप्पट झाला तर तीनऐवजी बारा मीटर लागतात. म्हणून विमान वाचवण्याचा विचार त्या क्षणी डोक्यातून काढून टाकायचा. पंख झुडपांत तुटू द्यावेत, चाकं मोडू द्यावीत, त्यांच्या मोडण्यातच वेग जिरतो. बसण्याची जागा शाबूत राहिली म्हणजे झालं. दोन झाडांमधून शिरावं लागलं तर त्यांच्या मधोमध नाक घालावं, पंखांचं काय व्हायचं ते होवो.

उतरण्याची जागा ठरली की हात कामाला लागतात. कार्ब्युरेटर हीट ओढा, इंधनाचा कॉक उघडा आहे ना बघा, मिक्श्चर पुढे, इग्निशन ‘बोथ’वर. यातल्या एखाद्या गोष्टीने इंजिन परत धरलं तर उत्तमच. नाही धरलं तर टेकण्याआधी उलटा क्रम: मिक्श्चर तोडा, इंधन बंद, इग्निशन बंद, फ्लॅप हवे तेवढे टाकून झाले की मास्टर स्विच बंद. आणि दाराची कडी उघडून ठेवा, कारण आदळल्यावर चौकट वाकली तर दार अडकतं. शेवटच्या सूचनेला नवखे हसतात. उलट्या पडलेल्या विमानात पट्ट्याला लोंबकळत दार ढकलून पाहिलेला हसत नाही.

हे सगळं झालं उंची असतानाचं. उड्डाण घेतल्या घेतल्या तीन-चारशे फुटांवर इंजिन गेलं तर? मागे धावपट्टी आहे, ओळखीची, डांबरी. मन तिकडेच वळतं आणि तिथेच अनुभवी वैमानिकही मेले आहेत. ७० नॉट वेगाने विमान ४५ अंश कलवून अर्धं वर्तुळ मारलं तरी ते धावपट्टीच्या अडीचशेहून अधिक मीटर बाजूला येतं. म्हणजे परत तिच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं. ४५ अंशांच्या कलावर स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. त्यात उड्डाण वाऱ्याच्या तोंडाने झालेलं, म्हणजे परत येताना वारा पाठीवर. जमीन भराभर मागे पळताना दिसते, वेग भरपूर आहे असं वाटतं आणि वैमानिक नाक वर धरतो. म्हणून नियम असा की ठरावीक उंचीच्या खाली मागे वळायचंच नाही, समोरच्या तीसेक अंश डाव्या-उजव्यात जे असेल ते पत्करायचं. ही उंची किती, हे धावपट्टीच्या टोकाला उभं असतानाच मोठ्याने बोलून घ्यायचं. एकटं असलं तरी मोठ्यानेच. वर गेल्यावर विचार करायला वेळ नसतो, आठवायला तेवढा असतो.

बारामतीच्या उन्हाचाही यात हात आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर. पण पंखाला आणि इंजिनाला उंची कळत नाही, हवेची दाटी कळते. एप्रिलच्या दुपारी पारा ४० वर गेला की इथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने धावपट्टी सोळाशे मीटरच्या आसपास जाऊन बसते. म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर. १०८-११० अश्वशक्तीचं इंजिन तिथे धापा टाकतं, धावपट्टी जास्त खातं आणि चढतं कूर्मगतीने. त्याच विमानाने डिसेंबरच्या सकाळी सहज उड्डाण केलेलं असतं, म्हणून विद्यार्थ्याला वाटतं की आज इंजिनात काहीतरी बिघाड आहे. इंजिन ठणठणीत असतं. उन्हाळ्यात भल्या पहाटे उडायचं यामागे फक्त घाम हे कारण नाही.

पावसाळ्यात उलटा प्रकार: इंजिनात बर्फ. जुलैत, २३-२४ अंश तापमानात, इंदापुरात बर्फ, हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून हवा वेगाने जाते आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते, तेव्हा तापमान एका झटक्यात वीस-तीस अंशांनी उतरतं. हवेत ओलावा असला की तो घशात गोठतो आणि इंजिन गुदमरायला लागतं. खूण म्हणजे आरपीएम हळूहळू, कारण नसताना घसरतात. इलाज सोपा, कार्ब्युरेटर हीटचा नॉब ओढायचा. पण ओढल्यावर आधी आरपीएम आणखी पडतात आणि वितळलेलं पाणी गिळताना इंजिन खोकतं, थरथरतं. नवशिका घाबरून नॉब परत आत ढकलतो. तो नॉब तसाच धरून खोकला सोसायचा, मिनिटभरात इंजिन मोकळं होतं. टेक्नमसारख्या नव्या विमानांत रोटॅक्स इंजिन असतं, त्याची रचना निराळी आहे. पण सेसना १५२ आणि तिच्या पिढीची विमानं अजून देशभर शिकवतायत.

आता जमिनीवर येऊ, उड्डाणाआधीच्या अर्ध्या तासाकडे. ॲव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, फिकट निळं असतं. पंखाखालच्या छोट्या झडपेतून बोटभर पारदर्शक नळीत ते काढायचं आणि आकाशाकडे धरून बघायचं. पाणी असेल तर तळाशी बिनरंगी थेंब बसलेला दिसतो. रात्री अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवा थंड होऊन हे पाणी साचतं. सगळं निवळ दिसलं तरी खुशीत यायचं नाही. नळीत नुसतं पाणीच आलं असेल तर तेही निवळच दिसतं. रंग निळा आहे ना, हा खरा प्रश्न. मग पंखावर चढून टाकीत पट्टी घालून इंधन मोजायचं, कारण समोरच्या काट्यावर विसंबणं चुकीचं. सेसना १५२ मध्ये वापरता येण्याजोगं इंधन सुमारे ९२ लिटर आणि तासाला वीस-बावीस लिटर जळतं. हिशेब शाळकरी आहे. तरीही इंधन संपून शेतात उतरण्याचे प्रकार जगभर दरवर्षी घडतात. पंखाखालच्या पिटो नळीत डोकवायचं. आपल्याकडे कुंभारमाशीला मातीचं घर बांधायला असली नळी फार आवडते, आणि ती बुजली की वेग दाखवणारा काटा खोटं बोलायला लागतो. ज्या काट्यावर ६० धरायचे, तोच.

उपकरणांच्या बाबतीत वैमानिकांमध्ये हौस दांडगी. टॅब्लेटवरचे नकाशे, काचेचे पडदे, गोंगाट गिळणारे हेडफोन. यातलं काही वाईट नाही. काही विमानांना तर अख्खं विमान तोलून खाली आणणारं पॅराशूट असतं, आणि त्याने माणसं वाचवली आहेत. आदळल्यावर ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारं यंत्र असावंच. जुन्या १२१.५ च्या यंत्रांकडे उपग्रहांनी लक्ष देणं फेब्रुवारी २००९ मध्ये बंद केलं. पण हाताच्या बोटांवर मोजून सांगायचं तर जीव वाचवणारी बहुतेक सामग्री स्वस्त आहे: खांद्यावरचा पट्टा, इंधन काढायची नळी, टाकीत घालायची पट्टी, कागदावरची चेकलिस्ट. पडद्याचं एक दुखणंही आहे. डोळे आत अडकतात. बारामतीसारख्या ठिकाणी एकाच वेळी दोन-चार शिकाऊ विमानं धावपट्टीभोवती फिरत असतात, आणि एकमेकांना रेडिओवर जागा सांगणं व खिडकीबाहेर बघणं हीच टक्कर टाळायची मुख्य साधनं. शिवाय भिगवणच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात. दोन-तीन किलोचा पक्षी ९० नॉटवर काचेवर आला तर काच राहत नाही. घारी तर बारमाही, गरम हवेच्या झोतांत घिरट्या घालणाऱ्या.

राहिला एक भाग, जो वैमानिकांसाठी नाही, या दोन तालुक्यांतल्या शेतकऱ्यांसाठी आहे. आपल्या रानात विमान उतरलं तर धावत जाल, ते जाणारच. पण बिडी-काडी लांब ठेवा, ॲव्हगॅसची वाफ ठिणगीची वाट बघत असते. पंखा थांबलेला असला तरी त्याच्या रेषेत उभं राहू नका आणि त्याला हात लावू नका. या इंजिनांची ठिणगी बॅटरीवर चालत नाही, मॅग्नेटोवर चालते, आणि इग्निशन बंद करायचं राहिलं असेल तर हाताने थोडा फिरवलेला पंखाही लाथ मारतो. आतला माणूस बोलत असेल, आग-धूर नसेल, तर मान धरून ओढून काढायची घाई करू नका, मणक्याची इजा वाढते. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहा. आग दिसली तर मात्र पट्टा कापून बाहेर काढा. तुटलेल्या तारा आजूबाजूला असतील तर आधी महावितरणला लाइन बंद करायला सांगा. माणूस बाहेर आल्यावर बाकी काहीच हलवायचं नाही. दांड्या कुठल्या जागेवर होत्या, कॉक उघडा होता की बंद, टाकीत काय उरलं होतं, हे सगळं विमान अपघात अन्वेषण ब्युरोच्या माणसांना जसंच्या तसं बघायचं असतं. फोटो काढायला पोरं पंखावर चढतात, एखादा नॉब खिशात घालतो, आणि तोच नॉब कधीकधी कार्ब्युरेटर हीटचा असतो.